काळ्या जर्सीचं सुतक

ज्या संघाची जर्सी मुळातच काळी, त्याने सुतक पाळायचं तरी कसं? दंडाला काळी फीत बांधली तर ती दिसणार कुणाला? १९६९ च्या उन्हाळ्यात पोर्तुगालमधल्या कोइंब्रा शहराच्या फुटबॉल संघापुढे ही अडचण खरोखरच उभी राहिली. राष्ट्रीय करंडकाच्या उपांत्य फेरीत त्यांनी पांढरी जर्सी चढवली आणि तिच्यावर काळी फीत बांधली. अंतिम सामना २२ जूनला लिस्बनजवळच्या जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर होता. तिथे त्यांनी आणखी साधा उपाय काढला. धावत यायचंच नाही. खांद्यावर पायघोळ काळ्या केप टाकून, मयतामागून चालावं तसे, पाऊल मोजत खेळाडू मैदानात आले.

तो सामना ते हरले. या क्लबने राष्ट्रीय करंडक दोनदा जिंकला आहे, पण त्याची खरी ओळख विचाराल तर ती या हरलेल्या सामन्यातच सापडते. क्लबचं नाव ‘असोसियासाँव अकादेमिका दे कोइंब्रा’. लोक नुसतं ‘अकादेमिका’ म्हणतात, आणि लाडात आले की ‘ब्रिओझा’, म्हणजे मानी, बाणेदार.

कोइंब्रा लिस्बन आणि पोर्तो यांच्या मधे, मोंदेगो नदीच्या काठी आहे. वर टेकडीवर विद्यापीठ, खाली बाजारपेठ. विद्यापीठाची स्थापना १२९० ची. आधी ते लिस्बनला होतं, मग दोन शहरांत ये-जा करत १५३७ मध्ये कोइंब्रात कायमचं स्थिरावलं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९११ पर्यंत अख्ख्या पोर्तुगालात हे एकच विद्यापीठ होतं. न्यायाधीश, डॉक्टर, मंत्री, मंत्र्यांना शिव्या देणारे संपादक, सगळे याच टेकडीवरून उतरलेले. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढची फुटबॉलची गोष्ट नीट कळायची नाही.

विद्यार्थ्यांची संघटना ३ नोव्हेंबर १८८७ रोजी स्थापन झाली; देशातली ती सर्वांत जुनी. फुटबॉल हा तिचा एक विभाग, जसा नाटकाचा किंवा गाण्याबजावण्याचा असतो तसा. संघ मैदानात उतरू लागला तो १९१२ पासून. संघटनेला धड जागाही नव्हती. २५ नोव्हेंबर १९२० च्या पहाटे विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या क्लबची इमारत सरळ ताब्यात घेतली, आणि या पराक्रमाला ‘बास्तीयचा पाडाव’ असं फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोडीचं नाव देऊन टाकलं. दरवर्षी त्याचा वाढदिवस साजरा होतो. विद्यार्थी कुठलेही असोत, अतिशयोक्तीत कमी पडत नाहीत.

जर्सी काळी का, याचं उत्तर विद्यार्थ्यांच्या पोशाखात आहे. काळा लांब कोट आणि त्यावर पोटऱ्यांपर्यंत पोचणारी जाड लोकरी केप, हा कोइंब्राच्या विद्यार्थ्याचा जुना वेश. ही केप म्हणजे आपल्याकडच्या घोंगडीसारखी बहुकामी वस्तू आहे. पावसात डोक्यावरून घ्यायची, थंडीत पांघरायची, गाणं ऐकताना अंगाभोवती लपेटून बसायचं. ती धुवायची नाही, असा संकेत. घरची माणसं, मित्र, प्रेमाचं माणूस यांची आठवण म्हणून तिच्या कडेला एकेक चीर पाडायची. कुणा मोठ्या माणसाचा मान करायचा असेल तर ती जमिनीवर अंथरायची आणि त्याला तिच्यावरून चालू द्यायचं. शिक्षण संपेस्तोवर केप चांगलीच जीर्ण होते, आणि जितकी जीर्ण तितकी तिची प्रतिष्ठा जास्त.

क्लबच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी बोधचिन्हात विद्यापीठाचा मनोरा आहे. त्या मनोऱ्यावरच्या घंटेला विद्यार्थी ‘काब्रा’ म्हणतात, म्हणजे शेळी. तासाला बोलावणारी घंटा ती, तिला याहून आदराचं नाव कोण देणार! आणि समर्थकांची आरोळी? तीही विद्यार्थ्यांचीच. एकजण अक्षरं सुटी सुटी ओरडतो आणि बाकीचे ती जोडतात: फ्रा, फ्रे, फ्री, फ्रो, फ्रू. शेवटी अर्थ नसलेले खणखणीत शब्द आणि हुर्रे. परदेशातलं स्टेडियम बाराखडी घोकतंय असा भास आपल्याला झाला तर नवल नाही.

शहरातल्या बिगर-विद्यार्थ्यांना मात्र या टेकडीवर ‘फुत्रिका’ म्हणत. शब्दात तुच्छता होतीच. खालच्या गावातल्या लोकांचा स्वतःचा क्लब होता, १९१९ मध्ये स्थापन झालेला ‘उनियाँव दे कोइंब्रा’. म्हणजे ज्या शहराचं नाव अकादेमिका मिरवत होती, त्या शहरातले सगळेच तिचे नव्हते. तिचे समर्थक होते ते देशभर पांगलेले. इथे शिकून गेलेला कुणी दक्षिणेत वकिली करतोय, कुणी अंगोलात सरकारी डॉक्टर आहे. पोर्तुगालमध्ये बहुतेकांची निष्ठा बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग या तीन बड्या क्लबांत वाटलेली असते. या माणसांचीही असायची. पण रविवारी रात्री आपल्या क्लबचा निकाल ऐकून झाला की ‘आणि अकादेमिकाचं काय झालं?’ हा प्रश्न ठरलेला. सासर बेनफिकाचं असलं तरी माहेर कोइंब्राचं, असा हा मामला.

पोर्तुगालचा करंडक आजच्या स्वरूपात १९३८-३९ च्या हंगामात सुरू झाला, आणि तो पहिल्यांदा जिंकला तो याच विद्यार्थ्यांनी. २५ जून १९३९ रोजी लिस्बनच्या सालेझियश मैदानावर त्यांनी बेनफिकाला ४-३ असं हरवलं. पुढच्या काळात बेन्तेश नावाचा चिमुकला डावा विंगर संघात आला. तो बचावफळीतून असा काही निसटायचा की त्याचं नाव ‘अणुउंदीर’ पडलं. हिरोशिमानंतरची ही वर्षं. जे जे जोरदार ते ते अणू.

संघ कसा जमायचा, हीही एक गंमतच. बडे क्लब पैसा देत. अकादेमिका पदवीची वाट दाखवी. चांगला खेळणारा पोरगा हेरायचा, मग तो पोर्तुगालच्या खेड्यातला असो की आफ्रिकेतल्या वसाहतीतला, आणि त्याच्या आईबापांना सांगायचं की मुलगा आमच्याकडे खेळेल आणि शिकेलही. सगळेच काही पदवीपर्यंत पोचले नाहीत. पण बरेच पोचले, आणि आईबापांना पटायला तेवढं पुरेसं होतं. मोझांबिकमध्ये जन्मलेला मारिओ विल्सन इथे खेळाडू म्हणून आला आणि पुढे प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली १९६६-६७ मध्ये हा संघ लीगमध्ये थेट दुसरा आला, युसेबियोच्या बेनफिकाच्या खालोखाल. त्याच वर्षी करंडकाच्या अंतिम सामन्यात सेतूबलशी गाठ पडली. बरोबरी सुटेना म्हणून खेळ १४४ मिनिटं चालला, आणि अकादेमिका ३-२ अशी हरली. त्या संघातला आर्तुर जोर्ज हा भाषांचा विद्यार्थी. वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याने प्रशिक्षक म्हणून पोर्तोला युरोपियन चषक मिळवून दिला.

आता त्या सुतकाकडे येऊ.

पोर्तुगालवर चार दशकं हुकूमत गाजवणारा सालाझार मूळचा कोइंब्राचाच प्राध्यापक. याच टेकडीवर शिकला, इथेच अर्थशास्त्र शिकवलं, आणि इथूनच अर्थमंत्री व्हायला लिस्बनला गेला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तो खुर्चीवरून पडला (अलंकारिक अर्थाने नव्हे, खरोखरच) आणि सप्टेंबरमध्ये मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाला. माणूस बदलला तरी कारभार तोच राहिला. अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये वसाहतींची युद्धं चालू होती. पदवी हातात पडली की पुढे लष्कराची सक्ती, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक होतं.

१७ एप्रिल १९६९ रोजी विद्यापीठाच्या गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. राष्ट्राध्यक्ष अमेरिकु तोमाश आले होते, शिक्षणमंत्री होते, मानकऱ्यांची रांग होती. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष आल्बेर्तु मार्तिन्श हा कायद्याचा विद्यार्थी. तो केप घालून उभा राहिला आणि विद्यार्थ्यांच्या वतीने दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. राष्ट्राध्यक्षांनी आधी सार्वजनिक बांधकाममंत्र्यांना बोलायला सांगितलं. मंत्र्यांचं बोलणं झालं आणि पाहुण्यांनी समारंभच आटोपता घेतला. पाहुणे निघून गेल्यावर विद्यार्थ्यांनी त्याच सभागृहात स्वतःचं उद्घाटन उरकलं. त्या रात्री ‘पीडे’ या राजकीय पोलिसांनी मार्तिन्शला उचललं. एवढंसं निमित्त. एखादा हुशार मुत्सद्दी असता तर त्याने पोराला पाच मिनिटं बोलू दिलं असतं, टाळ्या वाजवल्या असत्या आणि विषय मिटवला असता. हुकूमशाहीला नेमकं हेच जमत नाही.

मग निलंबनं झाली, तासांवर बहिष्कार पडला, परीक्षांवर पडला. विद्यार्थ्यांनी ‘शैक्षणिक सुतक’ जाहीर केलं. मे महिन्यात होणारा ‘फिती जाळण्या’चा मोठा उत्सव रद्द झाला; तो पुन्हा सुरू व्हायला १९८० उजाडावं लागलं. शहरात घोडेस्वार पोलीस फिरू लागले. विद्यार्थी खाली बाजारात उतरले आणि त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुलं वाटली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुत्रिका म्हणून हिणवलं, त्यांच्याच हातात फुलं. मला विचाराल तर त्या साऱ्या आंदोलनातला सर्वांत शहाणपणाचा दिवस तो होता.

आणि या धामधुमीत फुटबॉलचा संघ एकेक फेरी जिंकत चालला होता. प्रत्येक सामना म्हणजे हजारोंच्या गर्दीत पत्रकं वाटायची संधी. सभाबंदी होती, पण फुटबॉलच्या सामन्याला सभा कोण म्हणणार?

इथे थोडं थांबून एक नकाशा डोळ्यांपुढे आणावासा वाटतो. जामोरच्या स्टेडियमपासून तेजो नदीच्या काठाने पश्चिमेला जेमतेम तीन-चार किलोमीटरवर कशियाशचा किल्ला आहे. पीडेचा तो राजकीय तुरुंग. मराठी वाचकाला तो वेगळ्या कारणाने माहीत असायला हवा. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले सांगलीचे मोहन रानडे त्याच किल्ल्यात होते. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी इथे जिवाचं रान केलं. तमिळनाडूचे अण्णादुराई पोपकडे रदबदली करून आले. रानडे अखेर सुटले ते १९६९ च्या जानेवारीत, म्हणजे त्या काळ्या केपांच्या मिरवणुकीच्या पाचच महिने आधी. गोव्याचे तेलो मास्कारेन्यश मात्र अजून पोर्तुगीज तुरुंगातच होते. त्यांची सुटका १९७० ची. आणि हे तेलो कायदा शिकले होते कुठे? कोइंब्रात. मडगावचे आदेओदातो बार्रेतो आणि ते तिथे विद्यार्थी असतानाच, १९२८ मध्ये, गोव्याच्या या पोरांनी कोइंब्रातून ‘इंडिया नोव्हा’ नावाचं पत्र काढलं होतं. गांधी आणि टागोर यांचा भारत पोर्तुगीजांना पोर्तुगीज भाषेत समजावून सांगायचा, हा त्यांचा खटाटोप. म्हणजे या टेकडीने सालाझारही दिला आणि सालाझारशी भांडणारेही दिले, त्यांत आपलेही काही होते.

२२ जून. पोर्तुगालच्या करंडकाचा अंतिम सामना हा तिथला सणच असतो. जामोरच्या झाडीत सकाळपासून लोक डबे, वाइन आणि भाजलेले मासे घेऊन बसतात. त्या वर्षी रिवाज मोडले ते सरकारने. राष्ट्राध्यक्षांनी करंडक द्यायचा हा शिरस्ता, पण राष्ट्राध्यक्ष आलेच नाहीत. दूरचित्रवाणीने प्रक्षेपणही केलं नाही. कॅमेरा लोकांकडे वळला तर काय दिसेल, हे सरकार नीट ओळखून होतं.

दिसलं असतं ते असं. खेळाडू केप खांद्यावरून खाली सोडून सावकाश मैदानात येतायत. एरवी संघ आला की जो जल्लोष उसळतो, त्याजागी ही विचित्र गंभीर चाल. मध्यांतरात प्रेक्षकांतून कापडी फलक उलगडतायत: पोलीस कमी करा, शिक्षण सुधारा, विद्यापीठ मोकळं करा. पत्रकं हातोहात मागे सरकतायत. साध्या वेशातले पोलीसही गर्दीत आहेत, पण इतक्या लोकांतून पकडायचं कुणाला?

खेळही तोलामोलाचा झाला. समोर बेनफिका, त्या वर्षीचा लीगविजेता, युसेबियोचा संघ. ८१ व्या मिनिटापर्यंत गोल नाही. मग मानुएल आन्तोनियोने चेंडू जाळ्यात मारला आणि विद्यार्थी पुढे गेले. उरली नऊ मिनिटं. सरकार ज्यांना रस्त्यावर भेटायला घाबरत होतं, त्यांच्या हाती करंडक जायची वेळ आली होती. चार मिनिटांनी सिमोइशने बरोबरी केली. जादा वेळेत, १०९ व्या मिनिटाला, युसेबियोने दुसरा गोल केला आणि सामना २-१ असा बेनफिकाकडे गेला. सत्ताधाऱ्यांचा जीव भांड्यात पडला असणार. आणि तो पडला मोझांबिकच्या एका पोराच्या पायामुळे.

बेनफिकाच लीगविजेता असल्याने हरलेल्या अकादेमिकाला युरोपातल्या करंडकविजेत्यांच्या स्पर्धेत जागा मिळाली. तिथे १९७० मध्ये उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर सिटीने त्यांना जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी झालेल्या एकमेव गोलाने बाहेर काढलं. दोन वर्षांपूर्वी लियाँविरुद्ध तर बरोबरी झाली होती, आणि तेव्हा फैसला झाला तो नाणेफेकीवर. छाप-काट्यात हरलेला संघ म्हणून तरी इतिहासाने त्यांची वेगळी नोंद ठेवावी.

मार्तिन्शसह ४९ विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून लष्करात धाडण्यात आलं. सरकारचा हा डाव त्याच्याच अंगाशी आला, असं मला वाटतं. सुशिक्षित असंतुष्ट तरुण बराकीत कोंडले की बराकीतही चर्चा सुरू होते. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही उलथवली ती लष्करातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी. मार्तिन्श पुढे राजकारणात गेले आणि २००९ मध्ये देशाचे न्यायमंत्री झाले. गणित विभागातल्या त्या सभागृहाला आज ‘१७ एप्रिल’ असंच नाव आहे.

आता खरा विरोधाभास. हुकूमशाहीने या संघाला हात लावला नाही. तो बंद केला स्वातंत्र्याने. १९७४ च्या उन्हाळ्यात क्रांतीच्या भरात विद्यार्थ्यांच्या सभेने ठराव केला की धंदेवाईक फुटबॉल आणि विद्यार्थी संघटना यांचं जमायचं नाही, सबब हा विभाग बरखास्त. युक्तिवाद अगदीच चुकीचा होता असं नाही. तोवर संघात नावापुरते विद्यार्थी आणि पगारी खेळाडू भरले होतेच. पण ज्यांच्या बापाने, आजाने ती काळी जर्सी पाहिली होती, त्यांनी काय करायचं? त्यांनी ‘क्लुबे अकादेमिको दे कोइंब्रा’ या नावाने संघ पुढे चालवला. घर तेच, दारावरची पाटी वेगळी. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, समेट झाला: संघ संघटनेच्या नावाखाली परत आला, पण स्वायत्त संस्था म्हणून, स्वतःच्या हिशेबाने. वर्षभरात, १९८५ मध्ये, कट्टर समर्थकांचा ‘मांशा नेग्रा’ हा गट उभा राहिला. नावाचा अर्थ काळा डाग. त्यात विद्यार्थी आले तशी खालच्या गावातली पोरंही आली. फुलं वाटून सुरू झालेली सोयरीक गोलपोस्टामागच्या पायऱ्यांवर पक्की झाली म्हणायची.

दुसरा करंडक यायला ७३ वर्षं लागली. २० मे २०१२, मैदान पुन्हा जामोरचंच, समोर स्पोर्टिंग. लीगमध्ये जेमतेम तग धरलेल्या संघासाठी मारिन्योने चौथ्या मिनिटाला गोल केला आणि उरलेली ८६ मिनिटं सगळे जीव मुठीत धरून बसले. गोल टिकला. त्या शरद ऋतूत युरोपा लीगमध्ये त्यांनी गतविजेत्या अॅटलेटिको माद्रिदला कोइंब्रात २-० असं हरवलं. त्यानंतर उतरण लागली. २०१६ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून खाली आला आणि २०२२ मध्ये इतिहासात प्रथमच तिसऱ्या श्रेणीत घसरला. २००४ च्या युरो स्पर्धेसाठी वाढवून जवळजवळ तीस हजार खुर्च्यांचं केलेलं स्टेडियम आणि तिसऱ्या श्रेणीचा सामना, हे गणित कुठल्याच विभागाला सुटण्यासारखं नाही.

पदवीचं वचन मात्र पोकळ नव्हतं. ८१ व्या मिनिटाला गोल मारणारा मानुएल आन्तोनियो त्या हंगामात १९ गोलांसह लीगमध्ये पहिला होता. तो वैद्यकीचा विद्यार्थी. पुढे तो कर्करोगतज्ज्ञ झाला आणि कोइंब्राच्या कर्करोग संस्थेचा प्रमुख म्हणून त्याने काम केलं. त्याच्याकडे तपासायला आलेल्या रुग्णांत बेनफिकावालेही असणारच. कोइंब्रातसुद्धा त्यांची संख्या कमी नाही.